जुना माइक, नवा रेडिओ: आवाज बिघडतो तो जोडणीत

अ‍ॅस्टॅटिक कंपनीने डी-१०४ हा माइक १९३३ साली आणला. उभा दांडा आणि त्यावर चकचकीत गोल डोकं. हौशी रेडिओ चालवणाऱ्यांच्या टेबलावर तो पुढची कित्येक दशकं दिसत राहिला आणि चालू अवस्थेतले नग आजही मिळतात. असा माइक हौसेने आणून आजच्या ट्रान्सीव्हरला, म्हणजे बोलणं पाठवणाऱ्या आणि ऐकवणाऱ्या रेडिओ संचाला, जोडला की बहुतेकांच्या वाट्याला एकच अनुभव येतो. पलीकडचा सांगतो, आवाज पातळ येतोय, टोचतोय, खर्ज अजिबात नाही. गेन, म्हणजे सिग्नल वाढवायचं बटण, पूर्ण वर नेला तरी बोलणं दबलेलंच, उलट गुणगुण मात्र वाढलेली. मग निकाल लागतो की माइक म्हातारा झाला.

पुष्कळदा तो धडधाकट असतो. ज्या प्रकारच्या इनपुटसाठी तो बनला, ते इनपुट त्याला मिळालेलं नसतं. जुन्या माइकांबद्दल 'कर्कश', 'मंद', 'गुणगुणणारा' अशी जी मतं बनली आहेत, त्यांतली बरीचशी माइकपेक्षा जोडणीबद्दलची आहेत, असं माझं ठाम मत आहे. म्हणूनच ही जोडणी नीट समजून घ्यायची.

कोणताही माइक आणि कोणताही रेडिओ समोरासमोर आले की तीन गोष्टी तपासायच्या असतात. माइकचा इम्पिडन्स किती आणि रेडिओच्या इनपुटचा किती? माइकमधून सिग्नल किती निघतो आणि रेडिओला किती हवा? आणि या जोडणीतून डीसी करंट जायला हवा की जाता कामा नये? कनेक्टर बसला म्हणजे जोडणी जुळली असं होत नाही. कनेक्टर हा शेवटचा आणि सर्वांत सोपा भाग आहे.

इम्पिडन्स हा शब्द अनेकांना अडवतो. माइक व्होल्टेज तयार करतो, पण ते देताना त्याच्या आतच एक अडथळा असतो. झरा बारीक असलेल्या विहिरीतून कळशीने पाणी काढलं तर पातळी टिकते, मोटर लावली की तळ दिसतो. जास्त इम्पिडन्सचा माइक म्हणजे ही बारीक झऱ्याची विहीर. त्याच्यापुढे १ मेगाओहमचं इनपुट ठेवलं तर ते जवळजवळ काहीच ओढत नाही आणि माइकचं व्होल्टेज पूर्ण मिळतं. ६०० ओहमचं इनपुट ठेवलं तर व्होल्टेज कोसळतं. उलट दिशेला, म्हणजे कमी इम्पिडन्सचा माइक आणि जास्त इम्पिडन्सचं इनपुट असेल, तर नुकसान होत नाही. फक्त सिग्नल अपुरा पडू शकतो. माइकच्या बाबतीत इनपुटचा इम्पिडन्स माइकच्या किमान पाचदहा पट असला की काम भागतं, तो काटेकोर सारखाच असावा लागत नाही.

क्रिस्टल माइक

डी-१०४ आणि त्याच्या पिढीतले अनेक माइक क्रिस्टलचे. त्यांच्या आत रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराच्या स्फटिकाची पातळ पट्टी असते. काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांच्यावर विद्युतभार तयार होतो. हा पिझोइलेक्ट्रिक परिणाम क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवला, आणि रोशेल सॉल्टमध्ये तो फार जोरकस असतो. पडदा हलतो, पट्टी वाकते, व्होल्टेज येतं. मधे बॅटरी नाही, ट्रान्सफॉर्मर नाही. जवळून बोललं तर असा माइक तीसचाळीस मिलिव्होल्ट सहज देतो. साध्या डायनॅमिक, म्हणजे चुंबकात हलणाऱ्या कॉइलच्या, माइकच्या एकदोन मिलिव्होल्टपुढे हा आकडा मोठाच आहे. व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या, काळात याला मागणी का होती ते यावरून कळतं. व्हॉल्व्हच्या ग्रिडला, म्हणजे सिग्नल घेणाऱ्या टोकाला, करंट लागत नाही, व्होल्टेज लागतं, आणि ग्रिडचा रेझिस्टर १ मेगाओहम किंवा त्याहून मोठा ठेवता येतो. माइक थेट ग्रिडला जोडला की काम झालं.

विद्युतदृष्ट्या क्रिस्टलची पट्टी म्हणजे एक छोटा कपॅसिटर. इथेच सगळी मेख आहे. रेझिस्टरसारखा अडथळा असता तर चुकीच्या इनपुटवर फक्त आवाज लहान झाला असता. कपॅसिटरचा अडथळा मात्र कमी फ्रिक्वेन्सीला जास्त आणि जास्त फ्रिक्वेन्सीला कमी असतो. म्हणून इनपुटचा इम्पिडन्स कमी पडला की आवाज लहान होतोच, शिवाय त्याचा आकारही बदलतो. आधी खर्ज जातो, मग आवाजाचा मधला भाग.

हिशेबासाठी क्रिस्टलची कपॅसिटी १,००० पिकोफॅरड धरू. इनपुट ५ मेगाओहम असेल तर खर्ज ढासळायला सुरुवात होते सुमारे ३२ हर्ट्झला, म्हणजे माणसाच्या बोलण्याच्या बऱ्याच खाली. १ मेगाओहम असेल तर १६० हर्ट्झला. ५० किलोओहम असेल तर ३,२०० हर्ट्झला, म्हणजे जवळपास सगळं बोलणं उतारावर आलं. आणि आजच्या ट्रान्सीव्हरला सर्रास असतं तसं ६०० ओहमचं इनपुट असेल तर ही सीमा जाते २ लाख ६५ हजार हर्ट्झवर. तेव्हा १,००० हर्ट्झच्या सुराचा २६५ वा भागच रेडिओपर्यंत पोचतो, आणि ३०० हर्ट्झचा खर्ज ३,००० हर्ट्झच्या तुलनेत दहा पट कमकुवत होतो. पलीकडच्याला ऐकू येणारा पातळ, टोचरा आवाज तो हाच. चाळीस मिलिव्होल्ट देणाऱ्या माइकचे ०.१५ मिलिव्होल्ट उरतात. ती भरपाई करायला गेन वाढवला की त्याच्यासोबत घरातल्या वायरिंगची गुणगुणही वाढते.

इलाज जुना आणि स्वस्त आहे. एक जेएफईटी, म्हणजे इनपुटवर जवळजवळ काहीच न ओढणारा ट्रान्झिस्टर, सोर्स फॉलोअर म्हणून वापरायचा. यात गेट या टोकावर सिग्नल द्यायचा आणि सोर्स या टोकावरून घ्यायचा. २एन३८१९ किंवा एमपीएफ१०२ यांपैकी कोणताही चालतो. गेटला २ ते ५ मेगाओहमचा रेझिस्टर, सोर्सला दोनचार किलोओहमचा, तिथून एका कपॅसिटरमधून आवाज बाहेर. हा सर्किट सिग्नल वाढवत नाही, किंचित कमीच करतो. पण क्रिस्टलला हवं ते मोठं इनपुट देतो आणि रेडिओला हवा तो कमी इम्पिडन्सचा सिग्नल. त्याला एखाददोन मिलिअँपिअर पुरतात, जे माइकच्या सॉकेटवरच्या ५ किंवा ८ व्होल्टच्या पिनमधून मिळतात. फॉलोअर माइकच्या डोक्यात किंवा बुडात बसवावा, रेडिओच्या टोकाला नको, म्हणजे लांब केबलमधून नाजूक सिग्नल न्यावा लागत नाही. डी-१०४ च्या नंतरच्या काही स्टँडच्या बुडात कंपनीनेच ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर बसवला होता. तो स्टँड असेल तर वेगळं काही करायला नको.

गेटच्या रेझिस्टरबद्दल एक सूचना. पुष्कळ जण १० मेगाओहम घालतात. सिंगल साइडबँड या प्रक्षेपणाच्या पद्धतीत ३०० हर्ट्झच्या खालचं बोलणं रेडिओचा फिल्टर कापतोच, मग तो खर्ज जपून उपयोग नाही. मी २ मेगाओहमच्या आसपास थांबेन. रेझिस्टर जितका मोठा तितकं ते टोक आजूबाजूची गुणगुण जास्त पकडतं. एएम या जुन्या पद्धतीवर बोलणाऱ्याला भरदार आवाज हवा असेल तर ५ मेगाओहमपर्यंत जायला हरकत नाही.

ट्रान्झिस्टर नकोच असेल तर एक जुनी युक्ती आहे, पण ती सगळीकडे चालत नाही. माइकच्या मालिकेत १ मेगाओहमचा रेझिस्टर घालायचा. इनपुट ५० किलोओहमचं असेल तर सिग्नल एकविसावा भाग उरतो, म्हणजे चाळीस मिलिव्होल्टचे जवळपास दोन मिलिव्होल्ट. ते अनेक रेडिओंना पुरतं, आणि क्रिस्टलला १ मेगाओहमचा भार दिसल्यामुळे आवाजाचा आकार टिकतो. इनपुट ६०० ओहमचं असेल तर मात्र उरतो सोळाशेव्या भागाहूनही कमी. तिथे फॉलोअरला पर्याय नाही.

रोशेल सॉल्टच्या मर्यादाही ध्यानात ठेवायच्या. ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास तो कायमचा निकामी होतो, म्हणून उन्हात बंद गाडीत असा माइक ठेवू नये आणि कपच्या, म्हणजे क्रिस्टल असलेल्या आतल्या डबीच्या, टोकांवर सोल्डरिंग आयर्न फार वेळ टेकवू नये. फार दमट हवेत तो विरघळू लागतो, आणि फार कोरड्या हवेत त्यातलं पाणी उडून जातं. त्यामुळे ओलावा शोषणाऱ्या पुड्या भरून ठेवणं हाही उपाय नव्हे. कप जिवंत आहे का हे ओहममीटरवर कळत नाही, कारण चांगला क्रिस्टलही उघड्या सर्किटसारखाच दिसतो. कपॅसिटी मोजणारा मीटर लावा, किंवा गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडून बोलून पाहा. गिटारचं इनपुट सहसा १ मेगाओहमचं असतं, म्हणजे आयतीच चाचणी झाली. तिथे आवाज भरदार आला आणि रेडिओवर पातळ, तर दोष कुठे आहे हे वेगळं सांगायला नको.

पुढे आलेले सिरॅमिक माइक याच जातीचे. उष्णता आणि दमटपणा सोसतात, सिग्नल थोडा कमी देतात. वरचं सगळं त्यांनाही लागू.

कार्बन माइक

कार्बन माइक त्याहून जुना. टेलिफोनच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांतला, १८७० च्या दशकातला. याची चाल इतर सर्वांहून वेगळी आहे, कारण तो स्वतः वीज तयार करत नाही. पडद्यामागे कार्बनचे बारीक कण भरलेले असतात. पडदा आत गेला की कण दाबले जातात आणि त्यांचा रोध कमी होतो, बाहेर आला की वाढतो. त्यातून डीसी करंट सोडला तरच त्या करंटमध्ये आवाजाचे चढउतार उमटतात. करंट नसेल तर माइक मुका. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी लष्कराच्या संचांसोबतचा टी-१७ हा हातमाइक याच प्रकारचा. टॅक्सी, पोलीस, विमान यांच्या जुन्या संचांवरही कार्बनचंच राज्य होतं, कारण सिग्नल इतका मोठा मिळतो की मधे सिग्नल वाढवणारा प्रीअ‍ॅम्प्लिफायर लागतच नाही.

म्हणजे इथे अडचण उलटी आहे. आजच्या रेडिओला जोडताना कार्बनला करंट पुरवायचा आणि त्याचा दांडगा सिग्नल कमी करायचा. करंटसाठी ८ व्होल्टची पिन वापरता येते, पण तिची क्षमता पाहावी लागते. आयकॉम कंपनीच्या संचांवर त्या पिनमधून जास्तीत जास्त १० मिलिअँपिअर घ्यायला सांगितलेलं असतं. माइकचा रोध शंभरएक ओहम धरला आणि १ किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत घातला तर सुमारे ७ मिलिअँपिअर वाहतात. मूळ संचात कार्बनला याच्या कितीतरी पट करंट मिळत असे. पण आपल्याला मोठा सिग्नल नकोच आहे, त्यामुळे कमी करंट इथे पथ्यावरच पडतो. रेझिस्टर आणि माइक जिथे मिळतात तिथून कपॅसिटरमार्फत सिग्नल घ्यायचा आणि एका छोट्या प्रीसेटवर, म्हणजे फिरवून बसवायच्या रेझिस्टरवर, उतरवून रेडिओला द्यायचा. ८ व्होल्टच्या लाइनवर थोडीही गुणगुण असली तर ती थेट आवाजात येते, म्हणून त्या लाइनवर आधी एक लहान रेझिस्टर आणि शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालून ती स्वच्छ करावी.

वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कार्बन माइकमधले कण एकमेकांना चिकटून बसतात. आवाज मंद आणि खरखरीत होतो. करंट बंद ठेवून माइक हातात फिरवत हलकेच टिचक्या मारल्या की कण मोकळे होतात. आवाज तरीही फार स्वच्छ होणार नाही. कार्बनचा स्वभावच रखरखीत आणि अरुंद पट्ट्याचा आहे, आणि जुन्या लष्करी संचांचा आवाज ज्यांना आवडतो त्यांना नेमका तोच हवा असतो.

जुना रेडिओ आणि नवा माइक अशी उलटी जोडी असेल तर धोका आहे. कार्बनसाठी बनलेल्या इनपुटवर डीसी व्होल्टेज उभं असतं. तिथे डायनॅमिक माइक थेट लावला तर तो करंट त्याच्या बारीक कॉइलमधून जातो, पडदा एका बाजूला ओढला जातो आणि कॉइल बिघडूही शकते. धातूच्या नाजूक पट्टीच्या रिबन माइकच्या बाबतीत तर रिबनच जाते. विमानक्षेत्राने यावर छान तोडगा काढला. तिथली इनपुटं आजही कार्बनच्या पद्धतीचा करंट देतात, आणि हेडसेटमधल्या इलेक्ट्रेट (कायमचा विद्युतभार साठवलेल्या) माइकला जोडलेला छोटा अ‍ॅम्प्लिफायर त्याच करंटवर चालून कार्बनइतका सिग्नल परत पाठवतो. गाडीतल्या जुन्या रेडिओ संचासाठी नवा माइक हवा असेल तर हाच मार्ग घ्यावा.

डायनॅमिक, आणि रेडिओच्या बाजूची गोष्ट

डायनॅमिक माइक सर्वांत समजूतदार. शूर कंपनीचा ५५, जो १९३९ साली आला आणि ज्याचा जाळीदार चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा आहे, तो याच जातीचा. आतली कॉइल कमी इम्पिडन्सची असते. त्या काळच्या व्हॉल्व्ह इनपुटसाठी अनेक माइकांच्या आत ट्रान्सफॉर्मर बसवून इम्पिडन्स तीसपन्नास किलोओहमवर नेलेला असे. काही माइकांवर इम्पिडन्स निवडायचा स्विच असतो, तो आधी शोधा. पुष्कळांची अडचण तिथेच संपते.

स्विच नसेल तर ५० किलोओहमचा माइक ६०० ओहमच्या इनपुटवर थेट लावल्यास सिग्नल चौऱ्याऐंशीपट घटतो. मधे ५० किलोओहम ते ६०० ओहमचा ट्रान्सफॉर्मर घातला, ज्याचे वेढे साधारण ९ ला १ असतात, तर घट अठरापट एवढीच राहते. हाच ट्रान्सफॉर्मर उलटा फिरवला की आजचा कमी इम्पिडन्सचा माइक जुन्या व्हॉल्व्हच्या संचाला जोडता येतो आणि व्होल्टेज नऊपट वाढतं. क्रिस्टलला मात्र ट्रान्सफॉर्मर लावू नये, तेवढा इम्पिडन्स पेलणारा ट्रान्सफॉर्मर व्यवहारात मिळत नाही.

आजच्या बहुतेक रेडिओंसोबत इलेक्ट्रेट माइक येतो, जो १९६२ साली बेल लॅब्समध्ये सेसलर आणि वेस्ट यांनी शोधला. त्याला थोडं डीसी व्होल्टेज लागतं, म्हणून आयकॉमसारख्या संचांत आवाजाच्या पिनवरच ते दिलेलं असतं. जुना डायनॅमिक तिथे लावताना मालिकेत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालावा, धन टोक रेडिओकडे. खर्ज जास्त वाटला तर १ मायक्रोफॅरड घालून तो छाटता येतो. आठ पिनांचा गोल कनेक्टर सगळीकडे सारखा दिसतो, पण आयकॉम आणि केनवुडवर आवाज पहिल्या पिनवर असतो, तर येसू कंपनीच्या अनेक संचांवर आठव्या. ५ किंवा ८ व्होल्टची पिनही प्रत्येकाची वेगळी. संचाच्या पुस्तिकेतली आकृती समोर ठेवून, मल्टिमीटरने प्रत्येक पिन मोजूनच वायर लावावी.

पीटीटी, म्हणजे बोलताना दाबायच्या, बटणाकडे लोक दुर्लक्ष करतात. जुन्या माइकांत आवाज आणि बटण यांची अर्थिंगची (परतीची) वायर बऱ्याचदा एकच असते. बटणाचा करंट त्याच वायरमधून परतला की प्रक्षेपण सुरू होताना टक् असा आवाज येतो किंवा गुणगुण घुसते. दोन्ही अर्थिंगच्या वायरी रेडिओपर्यंत वेगळ्या नेल्या की हे थांबतं. व्हॉल्व्हच्या संचात बटणाच्या वायरवर रिलेचा करंट किंवा मोठं व्होल्टेज असू शकतं, म्हणून मोजल्याशिवाय हात लावू नये. सीबीच्या (सिटिझन्स बँड, म्हणजे सर्वसामान्यांसाठीच्या रेडिओच्या) काही संचांत उलटा प्रकार असतो. माइकच्या बटणातून ऐकण्याचं सर्किटही पूर्ण होतं, त्यामुळे नुसता दोन वायरींचा माइक लावला तर बोलता येतं पण स्पीकर गप्प बसतो.

आवाज फक्त जास्त पॉवरवर फाटत असेल आणि पॉवर कमी केली की सुधारत असेल, तर माइक निर्दोष आहे. प्रक्षेपणाची आरएफ, म्हणजे रेडिओलहरींची ऊर्जा, माइकच्या वायरीत शिरते आहे. माइकच्या टोकाशी आवाजाची आणि अर्थिंगची वायर यांच्यात १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर, केबलवर फेराइटची कडी आणि माइकचं धातूचं कवच नीट अर्थ केलेलं, एवढ्याने बहुतेक वेळा भागतं.

राहिली पातळी. बुडात अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या माइकांनी, मग तो डी-१०४ चा स्टँड असो की टर्नर कंपनीचा प्लस थ्री, हवेवर बराच उच्छाद मांडला आहे. बटण पूर्ण फिरवलं की बोलण्याच्या मधल्या शांततेत पंखा, घड्याळ, शेजारची खोली सगळं प्रक्षेपित होतं आणि साइडबँडवर शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर बोलणाऱ्यांना त्रास होतो. एफएमवर लिमिटर शिखरं कापतो आणि आवाज चिरका होतो. रेडिओचा माइक गेन मध्यावर ठेवा, नेहमीच्या अंतरावरून नेहमीच्या आवाजात बोला, आणि बुडातलं बटण एएलसीचा (प्रक्षेपणाची पातळी आपोआप आवरणाऱ्या सर्किटचा) काटा जेमतेम हलेल इतकंच वर न्या. त्यापुढे रेडिओकडून आवाज वाढत नाही, फक्त बिघडतो.

एएमवाल्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. माणसाच्या आवाजाची लहर वर आणि खाली सारखी नसते. एका बाजूची शिखरं मोठी असतात. ती वरच्या बाजूला पडली तर तेवढ्याच कॅरिअरवर (आवाज वाहून नेणाऱ्या मूळ लहरीवर) आवाज अधिक भरदार ऐकू येतो. कॉइलची किंवा क्रिस्टलची दोन टोकं एकदा उलटी करून पाहायला काही खर्च नाही. मात्र एक टोक कवचाला जोडलेलं असेल तर ते आधी सोडवावं लागेल.

सगळं जोडून झालं की डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी जोडायच्या रेझिस्टरवर, कमी पॉवरने प्रक्षेपण करा आणि दुसऱ्या रिसीव्हरवर हेडफोन लावून ऐका, जमल्यास ध्वनिमुद्रण करून, कारण बोलताना आपलाच आवाज हाडांतून ऐकू येतो आणि मत चुकतं. मग हवेवर एखाद्या परिचित स्टेशनला सोबत आलेला माइक आणि जुना माइक असे दोन्ही आळीपाळीने ऐकवा. कोणता कोणता हे आधी सांगू नका. 'आवाज चांगला आहे' एवढ्या उत्तरावर समाधान न मानता, कोणत्या माइकवर शब्द गोंगाटातून नीट कळले ते विचारा.